८०५१ चा एम्युलेटर स्वतः बनवताना: फोनवर चालणारा, पण चिपइतकाच हट्टी

डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या पोराला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर चुकत नाही. इंटेलने १९८० साली आणलेली ही चिप आज जुनी झाली, तरी असेंब्ली (चिपच्या सूचना थेट लिहायची भाषा) शिकवायला तिच्याइतकी सोपी आणि स्वच्छ चिप दुसरी मिळत नाही. अडचण वेगळीच आहे. परभणी, बीड, लातूरकडच्या बऱ्याच कॉलेजांत एका ट्रेनर किटभोवती (सरावाच्या बोर्डभोवती) चार-पाच जण उभे असतात. बटणं एकजण दाबतो आणि बाकीचे वहीत उतरवून घेतात. घरी लॅपटॉप नसतो. कायल या ८०५१ साठीच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती असेंब्ली शिकायला पुरते (तिची २ केबीची मर्यादा आपल्याला आडवी येत नाही), पण ती विंडोजवरच चालते. फोन मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून हा लेख: ब्राउझरमध्ये उघडणारा, नेट नसताना चालणारा ८०५१ चा एम्युलेटर, म्हणजे चिपसारखाच वागणारा प्रोग्राम, कसा बांधायचा. लॅब सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना जमेल, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तर उत्तमच. जावास्क्रिप्टमध्ये ॲरे, फंक्शन आणि लूप लिहिता येत असतील तेवढं बस्स. हेक्स आकड्याआधी मी ‘हेक्स’ असा शब्द लावला आहे, म्हणजे घोळ नको.

आधीच एक गोष्ट पक्की करून घ्या. शिकणाऱ्यासाठीचा एम्युलेटर वेगवान नसला तरी चालतो, दिसायला साधा असला तरी चालतो, पण त्याने विद्यार्थ्याच्या चुका पोटात घालायच्या नाहीत. चिप जिथे फसवते तिथे यानेही फसवलंच पाहिजे. फरक इतकाच, की का फसलो ते इथे बघता आलं पाहिजे.

पहिली पायरी: मेमरी मांडा, रजिस्टर नाही

नवखा माणूस सुरुवातीलाच ए, बी, आर० ते आर७ अशी व्हेरिएबल करून बसतो. तसं करू नका. ८०५१ मध्ये आर० ते आर७ नावाच्या वेगळ्या जागाच नाहीत. त्या अंतर्गत रॅमच्या पहिल्या ३२ बाइट्समध्ये आहेत, आठ-आठच्या चार बँका. कुठली बँक चालू आहे हे पीएसडब्ल्यू या स्थिती दाखवणाऱ्या रजिस्टरातले आरएस१ आणि आरएस० हे दोन बिट ठरवतात. ॲक्युम्युलेटरसुद्धा हेक्स ई० या पत्त्यावरचं एक स्पेशल फंक्शन रजिस्टरच आहे.

तेव्हा बाइटचे तीन ॲरे घ्या: कोडसाठी एक, रॅमसाठी २५६ बाइटचा एक, आणि स्पेशल फंक्शन रजिस्टरांसाठी १२८ बाइटचा एक. मूळ ८०५१ मध्ये रॅम १२८ बाइटच आहे, पण लॅबमध्ये बहुधा एटी८९एस५२ असते आणि तिच्यात २५६. जागा आत्ताच ठेवलेली बरी. प्रोग्राम काउंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे ते सांगणारा) तेवढा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, कारण त्याला पत्ता नाही.

आता वाचायची-लिहायची फंक्शनं. डायरेक्ट पत्ता १२८ पेक्षा कमी असेल तर रॅम, नाहीतर स्पेशल फंक्शन रजिस्टर. इनडायरेक्ट असेल, म्हणजे आर० किंवा आर१ मधून पत्ता आला असेल, तर नेहमी रॅमच. हा फरक इथे नीट केला की एटी८९एस५२ च्या वरच्या १२८ बाइट्सचा गोंधळ आपोआप मिटतो. बिटसाठी तिसरी जोडी लागते: बिट पत्ता हेक्स ७एफपर्यंत असेल तर तो रॅमच्या हेक्स २० ते २एफ या सोळा बाइटांत पडतो, त्यापुढचा असेल तर आठने भाग जाणाऱ्या पत्त्याच्या रजिस्टरात.

पॅरिटी बिट साठवत बसू नका. पीएसडब्ल्यू वाचला जाईल तेव्हा ॲक्युम्युलेटरमधले १ मोजा. संख्या विषम असेल तर पॅरिटी १. असं केलं की ए बदलणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रक्शनमध्ये पॅरिटीची ओळ लिहायला नको.

रीसेटला प्रोग्राम काउंटर ०, एसपी (स्टॅक पॉइंटर) हेक्स ०७, चारही पोर्ट हेक्स एफएफ. आणि रॅम? इथे मी हट्ट धरतो: रॅम शून्याने भरू नका. खऱ्या चिपमध्ये सप्लाय आल्यावर रॅममध्ये काय असेल याची खात्री नसते, आणि नुसत्या रीसेटने ती पुसली जात नाही. किटवर तर मागच्या बॅचचे आकडे तसेच पडून असतात. एम्युलेटर सुरू होताना रॅममध्ये वाट्टेल ते आकडे भरा. काउंटरला सुरुवातीची किंमत न देणारा प्रोग्राम मग पहिल्याच दिवशी पकडला जातो.

दुसरी पायरी: सहा बाइटचा प्रोग्राम

पूर्ण टेबल भरण्याआधी एवढंच चालवा. ए मध्ये हेक्स २५ ठेवा, त्यात हेक्स १३ मिळवा, आणि तिथेच फिरत राहा. कोडमध्ये हे सहा बाइट: ७४, २५, २४, १३, ८०, एफई.

एम्युलेटरचं काम असं: प्रोग्राम काउंटर जिथे आहे तिथला बाइट उचला आणि काउंटर एकने वाढवा. ७४ दिसला म्हणजे पुढचा बाइट ए मध्ये टाका. २४ म्हणजे पुढचा बाइट ए मध्ये मिळवा. ८० म्हणजे शॉर्ट जम्प. शेवटी ए मध्ये हेक्स ३८ आलं पाहिजे.

त्या शेवटच्या एफईवर थांबा, कारण बहुतेकांचा पहिला एम्युलेटर इथेच अडतो. शॉर्ट जम्पचा आकडा चिन्हासहित असतो, −१२८ ते +१२७. एफई म्हणजे −२. हे −२ मोजायचे जम्पच्या सुरुवातीपासून नाही, तर जम्पचे दोन्ही बाइट वाचून झाल्यावर काउंटर जिथे पोचतो तिथून. म्हणजे दोन मागे, पुन्हा त्याच जम्पवर. हेच गणित डीजेएनझेड, सीजेएनई, जेझेड अशा अटीच्या सगळ्या जम्पांना लागू आहे. एकच फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

हे चाललं की मग टेबल. २५६ जागांचा ॲरे, प्रत्येक जागी एक फंक्शन. हाताने २५६ फंक्शनं लिहायची गरज नाही, कारण इंटेलने ओपकोड (इन्स्ट्रक्शनचे आकडे) ओळीने लावलेत. ओपकोडचा दुसरा हेक्स अंक ४ असेल तर इमिजिएट (आकडा कोडमध्येच), ५ असेल तर डायरेक्ट, ६-७ असेल तर इनडायरेक्ट, ८ ते एफ असेल तर आर० ते आर७. पहिला अंक २ म्हणजे ॲड, ३ म्हणजे ॲडसी (कॅरीसह बेरीज), ४ ओआरएल, ५ एएनएल, ६ एक्सआरएल (बिटवार ऑर, अँड, एक्सॉर), ९ सब्बी (बॉरोसह वजाबाकी). सहा ओळी, प्रत्येकीत बारा ओपकोड: एका लूपमध्ये ७२ भरून झाले. ० आणि १ च्या ओळीत इन्क्रिमेंट-डिक्रिमेंट अशाच रीतीने बसतात, फक्त ४ वर तिथे ए.

उरलेल्यांत एक फसवा आहे: ८५, म्हणजे एका डायरेक्ट पत्त्यावरून दुसऱ्यावर मूव्ह. लिहिताना आपण आधी डेस्टिनेशन लिहितो, पण कोडमध्ये आधी सोर्सचा बाइट येतो. आणि हेक्स ए५ ही जागा रिकामीच आहे. तिथे एम्युलेटरने थांबून सांगावं, की इथे इन्स्ट्रक्शन नाही, तुम्ही बहुतेक डेटामध्ये घुसलात.

कुठली इन्स्ट्रक्शन आधी? टेबलाच्या क्रमाने जाऊ नका. प्रॅक्टिकलची यादी समोर ठेवा. दोन संख्यांची बेरीज, ब्लॉक ट्रान्सफर, ॲरेमधली मोठी संख्या, बीसीडी बेरीज, एलईडी ब्लिंक. एकेक प्रॅक्टिकल चालेपर्यंत लागतील तेवढ्याच इन्स्ट्रक्शन घाला. पहिल्या चार प्रॅक्टिकलांनंतर पोरं वापरायला लागतात आणि मग राहिलेलं काम तेच तुमच्याकडून करवून घेतात.

फ्लॅग

फ्लॅग म्हणजे गणितानंतर पीएसडब्ल्यूमध्ये बदलणारे खुणेचे बिट. या भागाला घाई नको. ए मधला आकडा चुकला तर कुणालाही दिसतो. ओव्हरफ्लो चुकला तर वर्ष निघून जातं आणि कळत नाही, आणि व्हायवाला पोरगं आत्मविश्वासाने चुकीचं सांगून येतं.

बेरीज साठवण्याआधी कॅरी काढा. बाइटच्या ॲरेत २५६ टाकला की तिथे ० उरतो आणि कॅरीचा पुरावा गेला. ऑक्झिलरी कॅरीसाठी दोन्ही आकड्यांचे खालचे चार बिट वेगळे मिळवा आणि बेरीज १५ च्या वर गेली का बघा. ओव्हरफ्लो म्हणजे सहाव्या बिटातून निघालेला कॅरी आणि सातव्यातून निघालेला कॅरी, दोघांपैकी एकच असणं.

हाताने तपासायला दोन उदाहरणं. हेक्स ७एफ अधिक ०१: उत्तर ८०, कॅरी ०, ऑक्झिलरी १, ओव्हरफ्लो १, पॅरिटी १. हेक्स एफएफ अधिक ०१: उत्तर ००, कॅरी १, ऑक्झिलरी १, ओव्हरफ्लो ०, पॅरिटी ०. या दोन ओळी वहीत लिहून ठेवा.

पण दोन उदाहरणांवर भागवू नका. ॲडसीला पहिला आकडा २५६ प्रकारचा, दुसरा २५६ प्रकारचा, आधीचा कॅरी दोन प्रकारचा: एकूण १,३१,०७२ शक्यता. संगणकाला हे डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम आहे, तर सगळ्याच तपासा. तपासणारा कोड मात्र वेगळ्या रीतीने लिहा. ओव्हरफ्लोसाठी दोन्ही आकडे चिन्हासहित समजून सरळ बेरीज करा, आणि ती −१२८ ते १२७ च्या बाहेर गेली का पाहा. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं तर विश्वास ठेवायचा. सब्बीलाही हेच करा.

आता हट्टाच्या जागा. ८०५१ ला बॉरो न घेणारी वजाबाकीच नाही. आधी कॅरी क्लिअर केला नाही, तर उत्तर कधी बरोबर येतं, कधी एकने कमी. “सर, काल बरोबर येत होतं, आज काहून येईना?” हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. एम्युलेटरने इथे मदत करू नये. पीएसडब्ल्यूमधला कॅरी ठळक दाखवावा, एवढंच. इन्क्रिमेंटने कॅरी बदलत नाही: हेक्स एफएफचं ०० झालं तरी कॅरी जिथे होता तिथेच. सीजेएनई मात्र तुलना करता करता कॅरी बदलून जातं, पहिला आकडा लहान असेल तर १. मोठी संख्या शोधायचं प्रॅक्टिकल यावरच उभं आहे. डीए ए (बीसीडी, म्हणजे दशमान अंकांची बेरीज दुरुस्त करणारी इन्स्ट्रक्शन) साठी ३८ अधिक ४५ करून बघा: ॲडनंतर हेक्स ७डी, डीए नंतर ८३. शून्याने भागल्यावर ओव्हरफ्लो १ होतो आणि ए-बी मध्ये काय उरेल ते इंटेलने ठरवूनच दिलेलं नाही. तिथे इशारा द्या.

स्टॅकसुद्धा असाच. पुश आधी एसपी वाढवतो, मग लिहितो. एसपी ०७ वर असल्याने पहिला पुश ०८ वर जातो, आणि ०८ म्हणजे बँक १ चा आर०. बँक १ वापरणाऱ्याने एसपी हलवला नाही, तर पहिल्याच एलकॉलला (सबरूटीन बोलावताना) त्याचे आर० आणि आर१ गेले: आधी परतीच्या पत्त्याचा खालचा बाइट, मग वरचा. फळ्यावर तीनदा समजावून जे डोक्यात जात नाही, ते रॅमचे दोन चौकोन रंग बदलताना पाहिले की जातं.

वेळ, टायमर, इंटरप्ट

१२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक मशीन सायकल बरोबर १ मायक्रोसेकंद, कारण बारा क्लॉकची एक सायकल. गुणाकार-भागाकाराला चार सायकल, बाकी सगळ्यांना एक किंवा दोन. टेबलात प्रत्येक ओपकोडसोबत सायकल लिहून ठेवा आणि एक एकूण काउंटर चालू ठेवा. ब्राउझर सेकंदाला साधारण ६० वेळा पडदा रंगवतो. प्रत्येक वेळी १६,६६७ सायकल चालवल्या की वेग खऱ्या चिपइतका होतो.

टायमर सोपा आहे: इन्स्ट्रक्शन संपली की तिच्या सायकली टायमरमध्ये मिळवा, टायमर ओलांडला की टीएफ हा त्याच्या खुणेचा बिट लावा आणि वरचा उरलेला भाग फेकू नका. मोड १ (१६ बिटी) आणि मोड २ (८ बिटी, आपोआप पुन्हा भरणारा) आधी. ५० मिलिसेकंदासाठी ६५,५३६ मधून ५०,००० वजा केले की १५,५३६, म्हणजे टीएचमध्ये (टायमरच्या वरच्या बाइटात) हेक्स ३सी आणि टीएलमध्ये (खालच्या) बी०. हे चाललं तर टायमर बरोबर आहे.

इंटरप्ट म्हणजे चालू प्रोग्राम मध्येच थांबवून येणारं काम. त्याचे पाच पत्ते: हेक्स ०३, ०बी, १३, १बी, २३. खरी गोम परतताना आहे. आरईटीआय ही इंटरप्टमधून परतायची इन्स्ट्रक्शन. तो नुसता परत येत नाही; इंटरप्ट संपला हेही तो चिपला कळवतो. कुणी तिथे आरईटी (साधं परतणं) लिहिलं तर प्रोग्राम नीट परततो, पण त्या पातळीचा पुढचा इंटरप्ट कधीच येत नाही. एलईडी एकदा बदलतो आणि मग गप्प. तेव्हा ‘इंटरप्ट चालू आहे’ अशी खूण वेगळी ठेवा आणि ती फक्त आरईटीआयने पुसा.

कोड आत कसा यायचा

असेंब्लर (असेंब्लीचे बाइट करणारा प्रोग्राम) लिहायची घाई सगळ्यांना असते. आधी इंटेल हेक्स फाइल वाचणारा लोडर लिहा. तासाभराचं काम आहे: ओळीची सुरुवात कोलनने, मग बाइटांची संख्या, पत्ता, प्रकार, डेटा आणि चेकसम, सगळ्या बाइटांच्या बेरजेचा खालचा बाइट शून्य आला पाहिजे. फायदा असा, की भरवशाच्या असेंब्लरने बनवलेली फाइल तुमच्या एम्युलेटरवर चालवता येते. दोष एम्युलेटरमध्ये आहे की असेंब्लरमध्ये, हा वाद उरत नाही.

नंतर असेंब्लर, दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत प्रत्येक ओळ किती बाइट घेते ते मोजत लेबलांचे पत्ते टिपा, दुसरीत बाइट तयार करा. ओआरजी, डीबी, ईक्यूयू, एंड एवढ्या सूचना पुरतात. खरा वेळ चुकांच्या संदेशांवर घालवा, आणि ते मराठीत द्या. “ओळ ७: हेक्स आकडा अक्षराने सुरू होत असेल तर पुढे ० लावा.” “ओळ १२: हे लेबल १२७ बाइटांच्या पलीकडे आहे, लाँग जम्प वापरा.” इन्स्ट्रक्शनची नावं मात्र इंग्रजीच ठेवा. परीक्षेत तीच लिहायची आहेत, आणि मराठी निमॉनिक्सचा हौशी प्रयोग पोरांना दुप्पट पाठ करायला लावतो.

पडद्यावर फार काही नको. डावीकडे प्रोग्राम, खाली रॅमचे चौकोन, वर पीएसडब्ल्यूचे आठ बिट नावासकट. शेवटच्या इन्स्ट्रक्शनने जे बदललं त्याला रंग. बटणं चार: एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, चालवा, रीसेट. मागे जाण्यासाठी प्रत्येक पावलाआधी रॅम आणि रजिस्टरांची नक्कल ठेवा. ३८४ बाइट गुणिले हजार पावलं म्हणजे ४०० केबीच्या आत. किटला जे कधीच जमणार नाही ते हे बटण करतं, म्हणून ते टाळू नका.

बोर्ड जोडताना

एलईडी आणि सेव्हन सेगमेंट सगळेच करतात. माझं म्हणणं, सोबत विहिरीवरची मोटार ठेवा. आपल्याकडे थ्री फेज लाईट अनेक ठिकाणी रात्री येते, मध्येच जाते, पुन्हा येते. ऑटो स्टार्टर काय करतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पोर्ट १ च्या पहिल्या पिनेवर रिले, इंटरप्ट पिनेवर विहिरीतल्या पाण्याचा फ्लोट स्विच. पाणी संपलं की मोटार बंद, लाईट आल्यावर थोडा वेळ थांबून चालू.

या उदाहरणात पोर्टची दोन्ही गुपितं येतात. पहिलं: पोर्टचा लॅच (लिहिलेली किंमत धरून ठेवणारी जागा) वेगळा आणि पिन वेगळी. एम्युलेटरमध्ये पिनेची किंमत म्हणजे लॅच आणि बाहेरचा स्विच यांचा अँड. मूव्हने पोर्ट वाचला तर पिन वाचली जाते; पण पोर्टवरच कॉम्प्लिमेंट, इन्क्रिमेंट किंवा एएनएल केलं तर लॅच वाचला जातो. इनपुट हवं असेल तर आधी त्या पिनेवर १ लिहायला हवा. नाही लिहिला, तर स्विच काहीही म्हणो, पिन ० च दाखवेल. दाखवू द्या.

दुसरं: रीसेटला सगळे पोर्ट १ असतात. रिले १ वर ओढला जाणारा असेल, तर लाईट येताक्षणी, प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याआधीच त्याला ‘चालू’ची खूण मिळते, विहीर कोरडी असो की भरलेली. म्हणून सर्किट ० वर चालू होणारं घ्यायचं. एम्युलेटरमध्ये ‘लाईट गेली’ असं बटण ठेवा, जे रीसेट करेल आणि रॅम पुन्हा वेडीवाकडी भरेल. ते दाबून पडद्यावरची मोटार झटका खाताना दिसली, की पुढच्या वेळी पोरगं सर्किट काढतानाच विचार करतं. पोर्ट ० ला आतून पुल-अप (पिन १ वर ओढणारे रेझिस्टर) नाहीत, हेही बोर्डच्या चित्रात रेझिस्टर काढता-घालता येईल असं दाखवा.

वाटप

सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये ठेवा. बाहेरची लायब्ररी नको, फाँटसुद्धा बाहेरून आणायचा नाही. ही फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जाते आणि रेंज नसलेल्या गावातही उघडते. फोनवर अशी उघडलेली फाइल ब्राउझरच्या साठवणीत काही जपून ठेवू शकेलच असं नाही, म्हणून प्रोग्राम कॉपी करून घ्यायचं बटण हवं. आणि बटणं अंगठ्याच्या मापाची करा.

सीरियल पोर्ट सगळ्यात शेवटी घ्या. तिथे क्रिस्टल १२ चा नाही तर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा निवडता आला पाहिजे: टायमर १ मोड २ मध्ये, टीएच१ मध्ये हेक्स एफडी, म्हणजे बरोबर ९६०० बॉड. तोच आकडा १२ मेगाहर्ट्झवर ठेवला तर १०,४१६ पडतो, आणि एम्युलेटरच्या टर्मिनलने अशा वेळी अक्षरं बिघडवून दाखवावीत. टीआय (अक्षर पाठवून झाल्याचा) बिट पाठवणाऱ्या प्रोग्रामनेच पुसायचा असतो; तुम्ही पुसून देऊ नका.